सहावी फाडी

टेपचं एक टोक धरायला टोमिमा हार्कस आली,
वय ब्याऐंशी, बुटात गवताचं कूस.
"शून्य कुठं धरू?"
भिंतीला, मी म्हटलं.
"कुठल्या? इथं एकही सरळ नाही."

खरंच होतं. ओळंबा सोडला
तर दोरी माथ्याला टेकलेली
आणि पायाशी वीतभर सुटलेली.
भिंत आत वाकून दीडशे वर्षं काहीतरी ऐकते आहे,
बहुधा रवंथ.

लांबी सोळा मीटर चाळीस. रुंदी पावणेचार.
गोठा उतारावर उभा: वरच्या अंगाला माणसं,
खालच्या अंगाला गुरं, दार दोघांत एक.
मूत कुठून वाहील हे आधी ठरलं,
चूल कुठं बसेल ते मागाहून.
खालच्या भिंतीत जमिनीलगत एक भोक:
शेणपाणी तिथून बाहेर, शेतात.
टोमिमा एकदा तिथूनच आत आली होती,
सहा वर्षांची, दार बर्फानं बुजलं तेव्हा.
"धुवायला आईला दोन दिवस लागले," ती म्हणाली.

या बेटावर झाड नाही.
म्हणून खुंटा दगडाचा, गव्हाण दगडाची,
दोन गाईंमधला आडोसाही दगडाचाच:
किनाऱ्यावर थराथरानं सुटणाऱ्या फाड्या,
उभ्या पुरलेल्या, दाव्यासाठी कोपऱ्यात भोक पाडलेलं.
लाकूड म्हणाल तर वर एक तुळई,
तीही फुटलेल्या जहाजाची,
तिच्यात खिळ्यांची भोकं अजून समुद्राच्या हिशेबानं.

फाड्या नऊ. उंची कमरेएवढी.
एक, दोन, तीन, मी वहीत उतरवत गेलो.
पाचवीपर्यंत एकमेकींच्या बहिणी.
सहावी एकाएकी हातभर लांब.
पुन्हा मोजली. पुन्हा तेवढीच.

"ती इथली नव्हे," टोमिमा म्हणाली,
"ती थडग्याची."

ड्रेव्हर नावाच्या कुणाची बायको गेली, जेकोबिना.
पाथरवटानं नाव कोरायला घेतलं:
जे, ए, के.
नवरा येऊन बघत उभा राहिला.
"तिच्या नावात 'के' नव्हता."
एवढंच म्हणाला आणि घरी गेला.
फाडी उलटी करावी, तर पाठीला तडा.
दगड टाकून देणं इथं कुणाला जमत नाही.
अर्ध्या किमतीत ती गोठ्यात आली.

मग गाई.
वारा वायव्येचा असला की समुद्र भिंतींतून आत येतो,
फाड्यांना मीठ चढतं,
आणि गाय मिठाला नाही म्हणत नाही.
ब्लोसी, मेर्ली, मग लंगडी डेझी,
मग जिचं नाव कुणीच ठेवलं नाही ती:
चार पिढ्यांच्या जिभांनी मृताचं नाव चाटून
गुळगुळीत करत आणलं.
मी बोट फिरवलं. 'जे' गेलाय.
'ए' आहे म्हणावं तर आहे.
'के' मात्र अजून नखभर खोल:
चूक कळली त्या क्षणी
पाथरवटानं टाकी जोरात हाणली असणार.

"मी अक्षरं इथंच शिकले," टोमिमा म्हणाली.
"धारेला बसले की समोर तीच.
शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं,
अक्षरं किती येतात?
तीन, मी म्हटलं. पुढची कुणी कोरलीच नाहीत."

माझ्या नमुन्यात रकाने होते:
दगडाचा प्रकार. स्थिती. सध्याचा वापर.
गुरं विकून सव्वीस वर्षं झाली.
'वापर'पुढं मी रेघ ओढणार, इतक्यात
ती वाकली, सहाव्या फाडीवर हात टेकून उठली,
जसा रोज कुणी टेकतं.
फाडीच्या कडेला तिथं एक खळगा होता,
गाईच्या खांद्याच्या उंचीवर नव्हे,
तळहाताच्या.

तो मी मोजला नाही.
टेप सोडली तशी ती सरसरत परत आली,
बोटाला चटका देऊन गेली.
"नकाशात 'के' नीट काढ," ती म्हणाली,
"ती अजून चुकीचीच आहे, हे कळू दे."